पाच कार्डांची श्रीमंती

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळास गेलो असता बैठकीत एक वाक्य कानी पडले. "आमच्या बाईंकडे पाच-पाच कार्डे आहेत हो! पगार आम्ही द्यायचा, धान्य सरकारने द्यायचे, दवाखाना सरकारचा, शिवाय 'लाडली बहना'चे पैसे खात्यात. खरी श्रीमंत तीच!" सारे हसले. शिष्टाचार म्हणून आम्हीही हसलो, आणि ते हसू तेव्हापासून आम्हांला डाचते आहे. राज्यशासनाच्या सेवेत आमची चौतीस वर्षे गेली. त्यांतली बरीच असल्याच अर्जांवर 'पात्र' किंवा 'अपात्र' हे शब्द लिहिण्यात गेली. त्या बैठकीत बोलावयास हवे होते ते येथे बोलतो.

प्रथम ती पाच कार्डे मोजू. समग्र, ई-श्रम, संबल, धान्याची पात्रता पर्ची आणि आयुष्मान. यांपैकी समग्र म्हणजे कुटुंबाचा आठ आकडी व व्यक्तीचा नऊ आकडी क्रमांक. त्याने पोट भरत नाही. २०२१ साली सुरू झालेले ई-श्रम ही मूलतः असंघटित कामगारांची नोंदणी आहे. म्हणजे पाचांतली दोन कार्डे हा केवळ आपण अस्तित्वात आहोत याचा पुरावा. असा पुरावा तुम्हां-आम्हांकडे कोणी वर्षातून चार वेळा मागत नाही, म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाही.

उरलेली तीन एकमेकांवर चढलेली दिसतात, हे खरे. पण ती चढावीत अशीच योजना आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मध्यप्रदेशाने जी प्राधान्य कुटुंबे ठरविली त्यांत केवळ दारिद्र्यरेषेखालची मंडळी नाहीत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत, फेरीवाले आहेत, नोंदणीकृत हमाल आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत. म्हणजे काम करीत असणे हीच तेथे पात्रता आहे. त्यांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, २०२३ च्या जानेवारीपासून मोफत. पाच माणसांचे घर असेल तर २५ किलो. ज्याच्याकडे ही पर्ची किंवा संबलची नोंद आहे त्याला आपल्या राज्यात आयुष्मानचे दार उघडले, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे. एका कागदाने दुसरा कागद मिळतो तो कोणाच्या लबाडीने नव्हे. नियम तसा आहे म्हणून. भूक, आजार आणि घरातल्या कर्त्याचा मृत्यू ही तीन निरनिराळी संकटे आहेत. धान्य मिळते म्हणून कोणाचे अपेंडिक्स दुखावयाचे थांबत नाही.

आणि जेथे दोन लाभ खरोखर एकाच कारणासाठी होते तेथे शासनाने वजाबाकी करून ठेवलीच आहे. २०२३ च्या जूनमध्ये 'लाडली बहना' १००० रुपयांनी सुरू झाली तेव्हा ज्या विधवेस ६०० रुपये पेन्शन मिळत होते तिला वरचे ४०० च मिळाले. पुढे ही रक्कम त्याच वर्षी १२५० आणि २०२५ च्या नोव्हेंबरात १५०० झाली. 'दुहेरी लाभ' हा शब्द आपल्या बैठकींत जितक्या सहज फिरतो तितक्या सहज तो कोणाच्या पदरात पडत नाही.

खरा अन्याय निराळाच आहे. प्रत्येक योजनेची फूटपट्टी वेगळी, आणि राबणारे कुटुंब या पट्ट्यांच्या फटीत सापडते. 'लाडली बहने'त कुटुंब म्हणजे नवरा, बायको व आश्रित मुले. धान्याच्या पर्चीत समग्रच्या क्रमांकाखाली जेवढी नावे तेवढे. एकाच चुलीवर जेवणारी तीच माणसे एका खिडकीवर चार, तर दुसऱ्या खिडकीवर नऊ! उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. नवरा गवंड्याच्या हाताखाली महिना १२००० मिळवतो आणि बाई पाच घरांची भांडी घासून ९००० आणते, असे धरा. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. नियम काटेकोर लावला तर दोन हजारांसाठी वर्षाचे अठरा हजार गेले. आता त्या बाईने एक घर सोडावे की खोटे लिहावे, हे आम्हांस कोणी सांगावे. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही, घोषणापत्रावर काम भागले, हा त्या वेळी दाखविलेला शहाणपणा होता. आणि नेमक्या त्याच शहाणपणावर आपल्या बैठकींत सर्वांत अधिक टीका झाली.

संबलची गोष्ट याहून कठीण. २०१८ साली ही योजना आली. तीत नोंदलेला मजूर वारला तर वारसास २ लाख, अपघातात गेला तर ४ लाख. (मध्ये सरकार बदलले तेव्हा तिचे नावही बदलून 'नया सवेरा' झाले, मग सरकार परतले आणि नाव परतले. कार्डावरची छायाचित्रे बदलण्यात आपल्या राज्याची किती शाई गेली असेल!) अट अशी की मजुरास भविष्यनिधी वा तत्सम संरक्षण नसावे. कागदावर अट रास्त आहे. पण आमच्या वसाहतीतल्या एका मजुराला रखवालदाराची नोकरी लागली, पगारातून ईएसआय व भविष्यनिधी कापला जाऊ लागला, म्हणून तो संबलमधून बाहेर झाला. पाचव्या महिन्यात कंत्राट संपले. इकडची नोंद गेलेली, तिकडचे संरक्षण नोकरीबरोबर संपलेले. पुन्हा नोंदणीसाठी त्याने किती दिवसांची मजुरी बुडविली हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. सरळ, नेमकी, कपातीची नोकरी पत्करणे हाच ज्याच्या हातून घडलेला गुन्हा, त्याला ही शिक्षा!

वयाचेही तेच. साठी पूर्ण झाली की बाई 'लाडली बहने'तून बाहेर, संबलमधूनही बाहेर. पुढे वृद्धापकाळाचे पेन्शन; २०१९ साली ते ६०० रुपये झाले. तेही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर. आणि आम्ही? मध्यप्रदेशाने २०१८ साली आम्हां कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय साठावरून बासष्ट केले. साठीनंतर आम्हांस बँकेत अधिक व्याज, आयकरात अधिक सूट, आणि सेवा संपताच महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठांची तिकिटातील सवलत बंद केली, तेव्हा आपल्या मंडळींत केवढा आक्रोश झाला होता! २०२४ च्या अखेरीस सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान मिळू लागले. परवाच्या बैठकीतल्या किमान तिघांच्या खिशात ते कार्ड आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडांनी आठ लाखांच्या मर्यादेत बसून 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' असल्याचे प्रमाणपत्र काढले आहे, हेही ठाऊक आहे. नियमात बसते, काढले. आमची तक्रार नाही. पण मग अडीच लाखांच्या बाईला 'श्रीमंत' म्हणताना जीभ जरा अडखळावयास हवी होती.

बोगस लाभार्थी नाहीत काय? आहेत. दुमजली घराच्या मालकाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि कापलेही आहे. परंतु अनुभवाने सांगतो, असा मनुष्य रांगेत उभा राहत नाही. त्याची कागदपत्रे दलाल आणतो, आणि ती नेहमी पूर्ण असतात. अपूर्ण अर्ज खऱ्याचा असतो. आमच्या लेखणीने 'अपूर्ण, सबब अपात्र' असे शेरे किती मारले गेले याची मोजदाद आम्ही कधी ठेवली नाही.

एकदा पडताळलेली कामगार-नोंद सर्व खिडक्यांनी मानावी, मर्यादा ओलांडताच लाभ तोडण्याऐवजी तो पायरीपायरीने कमी व्हावा, आणि नोकरी सुटल्यावर जुनी नोंद आपोआप जागी व्हावी, एवढे शासनाकडे मागणे आहे. ते केव्हा होईल ते होवो. पण एक गोष्ट शासनाच्या नव्हे, आपल्या हातची आहे. बांधकाम मजुरास मंडळाकडे नोंदणीसाठी बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते कोण देणार? ज्याच्या घराचा मजला चढला तो, आणि ज्याने चढविला तो. रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत आपल्या किती घरांवर मजले चढले! बांधकामखर्चावरच्या उपकराची चौकशी नको, म्हणून 'त्या कागदावर सही करू नका' असा सल्ला आपणच एकमेकांस देतो. मजूर मग पंचवीस जणांकडे हिंडतो, आणि शेवटी पैसे मोजून सही विकत घेतो. तेव्हा आपण म्हणतो, बोगस! अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीत, २०२५ साली, त्यांच्या अन्नछत्रांवर आपण उत्तम भाषणे ऐकली. त्याच वर्षी आमच्या माडीचे काम चालू होते.

तेथे विटा वाहणाऱ्याची बायको आमच्याकडे अकरा वर्षे धुणीभांडी करते. तिने तो कागद आणला तेव्हा आम्ही "ठेकेदाराला विचारून सांगतो" असे उत्तर दिले. चौतीस वर्षांची सवय! फराळाहून परतल्यावर त्या रात्री तो कागद काढून आम्ही सही केली. ठेकेदाराची अजून व्हावयाची आहे. दर रविवारी आम्ही त्याच्याकडे जात आहोत.