प्रश्नावली प्रमाणित, जबाबदारी बेपत्ता

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रबंध मला तोंडपाठ आहे. 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांतील आत्महत्येचा धोका: प्रश्नावलीचे प्रमाणीकरण'. तास संपता संपता कागद वाटायचे, पोरांनी बस चुकू नये म्हणून भराभर खुणा करायच्या, संगणकाने क्रॉनबाख अल्फा ०.८०च्या वर काढून द्यायचा. मार्गदर्शक खूश, पदवी पक्की.

अल्फा सांगतो काय? प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढंच. एकच प्रश्न शब्द फिरवून पाचदा विचारा, अल्फा वाढतो. कागद भरणारी मुलगी धोक्यात आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते कळायचं तर प्रशिक्षित माणसाने गुण न पाहता त्याच मुलांच्या स्वतंत्र मुलाखती घ्याव्या लागतात आणि मग दोन्ही निष्कर्ष ताडावे लागतात. त्याला तज्ज्ञ लागतात, पैसा लागतो. म्हणून ते काम 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलं जातं.

बरं, समजा सगळं चोख केलं. धोक्यातल्या दहांपैकी नऊ जण हेरणारी आणि उरलेल्यांतल्या दर शंभरांपैकी नव्वदांना बरोबर वगळणारी प्रश्नावली हाती आली. दहा हजार विद्यार्थ्यांत दहा जण खरोखर टोकाला जाणार असतील, तर ती नऊ जणांना गाठेल आणि ९९९ जणांना विनाकारण. १,००८ नावांची यादी, आणि दहावा यादीबाहेरच! ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ साली स्पष्ट बजावलं की आत्महत्येचं भाकीत करायला अशा मोजपट्ट्या वापरू नका. आपल्याकडे मात्र मोजपट्टी हाच कार्यक्रम.

विचारण्याला माझा विरोध नाही. 'विचारलं की पोरांच्या डोक्यात शिरतं' हा समज संशोधनाने केव्हाच खोडला आहे. नैराश्य मोजणाऱ्या 'पीएचक्यू-९' प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारतो, आणि विचारावाच. पण 'जवळजवळ रोज' अशी खूण आल्यावर पुढे काय? नाव लिहायला लावलं तर पोरगं खोटं लिहितं. रेक्टर, विभागप्रमुख, घरी जाणारा फोन, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. नाव नको म्हटलं तर ती खूण कुणाची, हे कुणालाच कळत नाही. एका नैतिकता समितीत मी हे विचारलं, तर उत्तर मिळालं, 'गोपनीयता राखली जाईल.' राखली गेलीच. इतकी, की मदत करणाऱ्यालाही पत्ता लागू नये!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

तेव्हा कुलगुरू महोदय, पुढच्या सर्वेक्षणावर सही करण्याआधी एवढंच लेखी मागा: कागद ज्या दिवशी भरले, त्याच संध्याकाळी ते वाचणार कोण, आणि 'हो' म्हणणाऱ्या पोराच्या खोलीवर जाणार कोण? दोन नावं मिळाली नाहीत, तर सही करू नका. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा; तिथे रात्री-अपरात्रीही कुणीतरी फोन उचलतं.