उसना वसंत

फाल्गुन लागला, की दिल्लीकर मराठी मंडळींचा एक उसासा ठरलेला असतो. अमेरिकेतील लेकीने वा भाच्याने मॅग्नोलियाच्या बहराची छायाचित्रे धाडलेली असतात. फांदीवर पान एक नाही आणि गुलाबी पेल्यांनी मात्र झाड ओथंबलेले! मग कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात थालीपिठाची वाट पाहत बसलेला कोणी निकाल देऊन टाकतो, "वसंत म्हणावा तर तो! आपल्या दिल्लीला ऋतू दोनच, थंडी आणि ऊन."

हा निकाल मला मान्य नाही. त्यात दिल्लीवर अन्याय आहेच. पण त्याहून मोठा अन्याय आपल्या स्वतःच्या डोळ्यांवर आणि नाकावर आहे.

ज्या मॅग्नोलियासाठी आपण झुरतो, तो आहे तरी कोण? माँपेल्येच्या मान्योल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ प्ल्युमिये याने 1703 साली हे नाव योजिले. आपल्या सोनचाफ्याला लिनियसने 1753 मध्ये निराळे नाव दिले होते. परंतु आजचे शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलियातच गणतात आणि 'मॅग्नोलिया चंपका' म्हणतात. म्हणजे आजीच्या अंबाड्यातले फूल आणि अमेरिकेच्या अंगणातले फूल या सख्ख्या बहिणी! उलट ज्याला आपण बिनदिक्कत चाफा म्हणतो, त्या देवळापुढच्या खुरचाफ्याचे या कुळाशी काहीच नाते नाही. तो मूळचा अमेरिकेकडचा आणि त्याच्या शास्त्रीय नावात तोच प्ल्युमिये बसला आहे. निष्पर्ण फांदीवर फुलण्याचा चमत्कार पाहायचा, तर त्यासाठीही समुद्र ओलांडायला नको. दार्जिलिंग-सिक्कीमच्या रानांत हिमालयाचा स्वतःचा मॅग्नोलिया वसंतात तसाच फुलतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, "नाते असेल, पण सोनचाफा तसा डोळ्यांत भरत नाही. तो पानांत लपतो, आणि फुलतोही उन्हाळ्या-पावसाळ्यात." अगदी खरे. पण ही त्याची उणीव नव्हे, आपल्या रसिकतेची परीक्षा आहे. जो बहर चित्रात मावतो तेवढाच बहर, हे कोणी ठरवले? सोनचाफा आधी वासाने हाक मारतो. मग आपण मान वर करून त्याला शोधायचे. आपल्या जुन्या कवींनी त्याच्याकडे किती निरखून पाहिले होते! भ्रमर चंपकाकडे जात नाही, हा त्यांचा संकेत प्रसिद्धच आहे. आणि शास्त्र सांगते, की हे कुळ फार प्राचीन; त्याचे परागीभवन मुख्यतः भुंगेऱ्यांसारखे कीटक करतात, मधमाश्यांवर ते अवलंबून नाही. संकेत कवितेचा असेल; पण त्यासाठी कोणी तरी झाडाखाली उभे राहिले असले पाहिजे. आपण उभे राहतो का?

आपण उभे राहत नाही, म्हणूनच उसना वसंत आणावा लागतो. अलीकडे दर वर्षी हॉलंडहून ट्यूलिपचे कंद येतात, नवी दिल्लीच्या चौकांत काही आठवडे मिरवतात आणि ऊन तापताच संपतात. ट्यूलिपशी माझे वैर नाही. परंतु ज्या शहरात पाहुण्या फुलांचे एवढे कोडकौतुक होते, त्याच शहरात रस्त्याकडेच्या वृक्षांच्या बुंध्याशी फरसबंदी इतकी घट्ट होती, की प्रत्येक झाडाभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवा, असा आदेश 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला द्यावा लागला! फूल हवे, मूळ नको. ही रसिकता नव्हे, ही केवळ हौस आहे.

कस्तुरबा गांधी मार्ग एके काळी कर्झन रोड होता. पाटी बदलली, हे योग्यच झाले; पण पाट्या बदलून नजर बदलत नाही. यंदा छायाचित्रे आली, की जरूर पाहावीत, लेकीला शाबासकीही द्यावी. मग मात्र उठावे आणि त्या रस्त्याने इंडिया गेटपर्यंत पायी जावे. चैत्रात कडुनिंबाच्या बारीक मोहोराचा वास येतो का, ते पाहावे. कोणत्या झाडाचा गळा सिमेंटने आवळला आहे, तेही पाहावे आणि त्याची लेखी तक्रार करावी. ज्याच्या दारी हातभर माती आहे त्याने सोनचाफा लावावा, लूच्या दिवसांत त्याला सावली धरावी, थंडीत जपावे. तो फुलायला वर्षे लागतील. तोवर वसंतावर उसासे टाकण्याचा अधिकार आपण स्थगित ठेवू.