कातळावरचे गूढ आणि शाळेतले रहस्य : ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’च्या वाचनासंबंधी

मराठीत ‘रहस्यकथा’ आणि ‘गूढकथा’ हे दोन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. रहस्य हे उलगडण्यासाठीच रचलेले असते. बाबूराव अर्नाळकरांच्या कथेचा वाचक शेवटच्या पानावर गुन्हेगाराचे नाव मिळणार या खात्रीनेच पहिले पान उघडतो. गूढाचे तसे नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या उत्तम कथांत सगळा उलगडा झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहते आणि ते शिल्लक राहणे हेच त्या कथेचे प्रयोजन असते. हा भेद हाताशी ठेवून ऑस्ट्रेलियन लेखिका जोन लिंडसे यांच्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९६७) या कादंबरीकडे पाहिले, तर तिच्याविषयीच्या रूढ आकलनातील एक मोठी उणीव ध्यानात येते. ही कादंबरी गेली पाच-सहा दशके ‘न सुटलेले गूढ’ म्हणून वाचली, शिकवली आणि मिरवली जाते. प्रत्यक्षात तिच्यात एक गूढ आहे आणि एक रहस्यही आहे. गूढ कातळावर आहे, रहस्य शाळेत आहे. पहिल्याच्या दिपवणाऱ्या उजेडात दुसरे वाचकाला दिसेनासे होते.

कथानक थोडक्यात असे. व्हिक्टोरिया प्रांतातील मॅसिडोन पर्वताच्या परिसरात मिसेस ॲपलयार्ड यांचे श्रीमंत मुलींसाठीचे निवासी विद्यालय आहे. १४ फेब्रुवारी १९०० रोजी, सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी, तेथील मुली दोन शिक्षिकांसह हँगिंग रॉक या ज्वालामुखीजन्य कातळाच्या पायथ्याशी वनभोजनाला जातात. तेथे घड्याळे बाराच्या ठोक्याला बंद पडतात. मिरांडा, मॅरियन, अर्मा आणि ईडिथ या चौघी कातळ जवळून पाहण्यासाठी वर जातात. ईडिथ किंचाळत परतते, उरलेल्या तिघी परतत नाहीत. गणिताच्या शिक्षिका मिस मॅक्रॉ याही नाहीशा होतात. सुमारे आठवड्यानंतर अर्मा जिवंत सापडते; पण तिला काहीही आठवत नाही. इतरांचा पत्ता कधीच लागत नाही.

एवढ्या सामग्रीवर एखाद्या कसबी लेखकाने तपासकथा उभी केली असती. तपासकथेत दोन कथा असतात, एक घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी त्या गुन्ह्याच्या शोधाची, असे त्झ्वेतान तोदोरॉव्ह यांनी सांगितले आहे. दुसरी कथा पहिलीपर्यंत पोहोचली की कादंबरी संपते. लिंडसे यांनी ही दुसरी कथा पहिलीपर्यंत पोहोचूच दिली नाही. पोलीस येतात, माग काढणारा एक मूळनिवासी माणूस आणला जातो, वास घेणारा कुत्रा येतो, वार्ताहर येतात आणि हाती काही लागत नाही. मात्र कादंबरी येथे थांबत नाही, आणि तिचे वेगळेपण येथूनच सुरू होते. वनभोजनाचा प्रसंग पहिल्या काही प्रकरणांतच संपतो. उरलेला मोठा भाग त्या घटनेच्या परिणामांचा आहे. पालक मुलींना काढून नेतात, नोकरमाणसे काम सोडतात, एक शिक्षिका आणि तिचा भाऊ हॉटेलला लागलेल्या आगीत मरतात, विद्यालय कोसळत जाते. एखाद्या विणीतला धागा ओढला जावा आणि दूरवरची नक्षीही आवळली जावी, तशी ही रचना आहे.

या आवळत जाणाऱ्या विणीच्या मध्यभागी सारा वेबोर्न ही मुलगी आहे. ती शाळेतील सर्वांत लहान मुलींपैकी एक आणि अनाथ आहे. नेमून दिलेली कविता पाठ केली नाही म्हणून तिला वनभोजनाला नेलेले नाही. म्हणजे जिथे ‘काहीतरी घडले’ त्या जागी ती नव्हतीच. तिच्यावर जीव असलेली मिरांडा कातळावर हरवते. तिच्या पालकाकडून येणारी फी थकते आणि मिसेस ॲपलयार्ड तिला अनाथालयात परत पाठवण्याची धमकी देतात. एके दिवशी सारा दिसेनाशी होते. पालक येऊन तिला घेऊन गेले, असे मिसेस ॲपलयार्ड सांगतात. पुढे त्याच पालकाचे, तिला न्यायला येत असल्याचे पत्र येते आणि ते सांगणे खोटे होते हे वाचकाला कळते. माळ्याला साराचे प्रेत मनोऱ्याखालच्या फुलझाडांत सापडते. अखेर मिसेस ॲपलयार्ड हँगिंग रॉकवर जातात आणि कड्यावरून उडी घेतात.

येथे गूढ असे फारसे काही नाही. हेतू आहे, खोटी साक्ष आहे, प्रेत आहे, पुरावा म्हणून एक पत्र आहे आणि अपराध्याचा शेवटही आहे. साराने स्वतः उडी घेतली की तिला ढकलले गेले, हा एक प्रश्न लेखिकेने मोकळा ठेवला आहे. पण तिच्या मृत्यूची जबाबदारी कोणाची, याविषयी संहिता संदेह ठेवत नाही. तपासकथेचे जवळजवळ सर्व घटक या उपकथानकात उपस्थित आहेत. अनुपस्थित आहे तो तपास. मिरांडासाठी अख्खा प्रांत धुंडाळला जातो. सारासाठी एक थाप पुरते.

या विरोधाची रचना किती जाणीवपूर्वक झाली आहे, हे व्यायामशाळेच्या प्रसंगावरून स्पष्ट व्हावे. बरी झालेली अर्मा विद्यालयाचा निरोप घ्यायला येते. तिला पाहताच मुलींचा संयम सुटतो. त्या तिला गराडा घालतात आणि इतर मुली कुठे गेल्या, हे सांग म्हणून ओरडत तिच्यावर तुटून पडतात. या प्रसंगाला समीक्षेत बरेच महत्त्व मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच दालनात, त्याच वेळी, एका आडव्या फळीवर सारा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली आहे. ती पोक काढते म्हणून तिला ही शिक्षा आहे. गोंधळ शमतो, मुली निघून जातात, तिला बांधणारी शिक्षिकाही तिला विसरून जाते. फ्रेंच शिकवणाऱ्या मादम्वाझेलला ती तशीच बांधलेली आढळते. सगळ्या दालनाचे डोळे हरवून सापडलेल्या मुलीवर खिळलेले असताना जी हरवायची आहे ती कोपऱ्यात पडून आहे. वाचकही बहुधा अर्माकडेच पाहत असतो. त्या अर्थाने तोही त्या गराड्यातलाच एक आहे.

‘शेवट काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या कादंबरीच्या प्रकाशनानंतर वाढतच गेली. १९७५ साली पीटर वीअर यांच्या चित्रपटाने तिला जागतिक कीर्ती दिली आणि तिच्या गूढतेवर शिक्कामोर्तब केले. ही घटना सत्य की कल्पित, हे ठरवण्याचे काम लेखिकेने प्रारंभीच्या टिपणात वाचकांवर सोपवले होते, त्यामुळे संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रेही चाळली. वस्तुतः १४ फेब्रुवारी १९०० या दिवशी बुधवार होता आणि कादंबरीत शनिवार आहे. ज्या लेखिकेने आपल्या आत्मपर पुस्तकाला ‘टाइम विदाउट क्लॉक्स’ (१९६२) असे नाव दिले होते, तिने वारांचा एवढा हिशेब तरी चुकून चुकवला असेल, असे मानण्याचे कारण नाही. इव्हॉन रूसो यांनी १९८० साली एक संपूर्ण पुस्तक लिहून या कोड्याची अनेक उत्तरे तर्कशुद्ध गांभीर्याने मांडली. तो खेळ हुशारीचा असला तरी तो गराड्याच्या आतूनच खेळला गेला.

मग १९८७ साली ‘अठरावे प्रकरण’ प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखितात असलेले हे अखेरचे प्रकरण प्रकाशनापूर्वी, संपादकीय सूचनेवरून, वगळण्यात आले होते. लेखिकेच्या मृत्यूनंतर (१९८४) ते छापले जावे, अशी व्यवस्था तिने करून ठेवली होती. त्यात मुली आपल्या काचोळ्या कड्यावरून फेकतात आणि त्या हवेतच थांबून राहतात. खडकात, किंवा अवकाशातच, एक विवर उघडते. त्यातून एकेक जण पलीकडे जाते आणि अर्मा बाहेर उरते. या प्रकरणाचे संहितेतील स्थान कोणते, हा विद्यापीठीय अभ्यासात वारंवार उपस्थित होणारा प्रश्न आहे. लेखिकेचा हेतू प्रमाण मानणारे ते कादंबरीला जोडून वाचतात. अनेकार्थतेचे पुरस्कर्ते त्याला नाकारतात, कारण त्यामुळे संहिता बंदिस्त होते.

दोन्ही पक्षांचा वाद एकाच गृहीतावर उभा आहे. कादंबरीचा प्रश्न कातळावरचाच आहे, हे दोघांनाही मान्य आहे. या संदर्भात फॉर्स्टर यांच्या ‘ए पॅसेज टू इंडिया’ची (१९२४) आठवण उपयुक्त ठरावी. मराबारच्या गुहेत ॲडेला क्वेस्टेडवर हल्ला होतो, असा प्रसंग फॉर्स्टर यांच्या आरंभीच्या खर्ड्यात होता. छापील कादंबरीत त्यांनी गुहेच्या आत काय घडले ते काढून टाकले. हे वगळणे केवळ धूसरतेच्या हौसेपोटी झालेले नाही. गुहेतला प्रसंग पुसला गेल्यामुळेच कादंबरीचा भार न्यायालयावर, म्हणजे ॲझीझ या माणसाचे पुढे काय केले जाते यावर, येऊन पडतो. अठरावे प्रकरण वगळल्याने लिंडसे यांच्या कादंबरीतही हेच घडते. भार कातळावरून शाळेवर सरकतो. म्हणून ते प्रकरण बाहेरच राहणे इष्ट. ते असुंदर आहे (तसे ते काही अंशी आहेच), किंवा त्याने गूढ भंगते, ही त्याची मुख्य कारणे नव्हेत. ते वाचकाला चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कादंबरी संपली असा समज करून देते, हा त्याचा खरा दोष.

२०१७ साली कलावंत एमी स्पायर्स यांनी ‘मिरांडा मस्ट गो’ या नावाने चालवलेल्या मोहिमेमुळे या चर्चेला निराळे वळण मिळाले. हँगिंग रॉक हा जा जा वुरुंग, वॉइ वुरुंग आणि ताउंगुरुंग या मूळनिवासी समाजांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात वसाहतकारांनी त्यांना तेथून हुसकावले. आज त्या जागी जाणारा पर्यटक मात्र कधीच अस्तित्वात नसलेल्या तीन गोऱ्या मुलींना हाका मारतो आणि प्रत्यक्षात नाहीशा केल्या गेलेल्या माणसांची त्याला आठवणही नसते, असा या आक्षेपाचा गाभा आहे. आक्षेप रास्त आहे. कादंबरीत मूळनिवासी म्हणून येतो तो केवळ माग काढणारा, आणि काम होताच निवेदन त्याला सोडून देते. १९०० हे वर्ष, म्हणजे ऑस्ट्रेलियन संघराज्याच्या स्थापनेला जेमतेम वर्ष उरलेले असताना, लेखिकेला ही अनुपस्थिती जाणवली नाही, ही तिच्या जीवनदृष्टीची मर्यादा मानावी लागेल.

परंतु मिरांडाला बाजूला सारण्यासाठी कादंबरीलाच बाजूला सारावे लागते काय? कोणाच्या हरवण्याची बातमी होते आणि कोणाच्या हरवण्याची नोंदही होत नाही, हा प्रश्न साराच्या कथेने कादंबरीच्या आतच विचारलेला आहे. लेखिकेने तो शाळेच्या भिंतीबाहेर नेला नाही. वाचकाला तो नेता येतो. ज्या निकषावर या कलाकृतीला दोषी ठरवायचे तो निकष तिनेच पुरवावा, हे तिच्या सामर्थ्याचे गमक समजायला हरकत नसावी. स्पायर्स यांची भूमिका आणि साराचे उपकथानक एकत्र वाचले गेले, तर दोहोंना बळ मिळेल. निदान तौलनिक साहित्याच्या वर्गात ही कादंबरी ‘मुक्त शेवटाचे उदाहरण’ म्हणून दोन तासांत उरकली जाणार नाही.

सारासंबंधीचा एक तपशील सहज निसटतो. हँगिंग रॉकवरून अर्माला शोधून काढणारा मोतद्दार अल्बर्ट हा साराचा अनाथालयात ताटातूट झालेला भाऊ आहे. दोघे काही मैलांच्या अंतरावर राहतात आणि दोघांनाही ते ठाऊक नाही. अर्माचे वडील कृतज्ञतेपोटी त्याला हजार पौंडांचा धनादेश पाठवतात. बहीण आपला निरोप घ्यायला आली, असे स्वप्न त्याला पडते. ते तो मायकेल या आपल्या मित्राला सांगतो आणि त्याच्याबरोबर क्वीन्सलंडच्या वाटेला लागतो. परक्या मुलीला वाचवल्याचे बक्षीस घेऊन निघालेल्या या माणसाला बहिणीच्या मृत्यूची वार्ता पोहोचत नाही. वाचकाला मात्र ती ठाऊक असते. रहस्य उलगडलेले आहे, पण ज्याच्यासाठी उलगडायला हवे त्याच्यापर्यंत ते जात नाही.

कादंबरीच्या अखेरीस १९१३ सालच्या फेब्रुवारीतले एक कल्पित वृत्तपत्र-कात्रण जोडले आहे. त्यात तेरा वर्षांपूर्वीच्या वनभोजनाची उजळणी आहे, कातळाचे भूशास्त्रीय महत्त्व आहे, युरोपात उमराव घराण्यात नांदणाऱ्या अर्माचा उल्लेख आहे, आणि विद्यालयाचे हे कोडे बहुधा कधीच सुटणार नाही असा अभिप्राय आहे. सारा वेबोर्नचे नाव त्या कात्रणात नाही.