एका पायाचं टेबल

"एवढ्या पैशांत दोन टेबलं आली असती, वर चार खुर्च्या!"

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी इतक्या नातेवाईकांकडून ऐकलंय की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. टोमणा मारणाऱ्यांपैकी निम्मे हे पान वाचतात, हेही मला ठाऊक आहे. :)

आधी कारण. आमच्या जुन्या टेबलाला चार कोपऱ्यांत चार पाय आणि फळीखालून फिरणारी पट्टी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईचा वॉकर त्या पायांत अडकायचा. खुर्ची तिरकी लावायची, मग पाय पट्टीला लागायचा. शेवटी ती ओट्याशी एकटी बसून जेवायला लागली. "मला काय, इथेही चालतं." हे 'चालतं' तीन आठवडे ऐकलं आणि ठरवलं, मधोमध एकच पाय असलेलं गोल टेबल घ्यायचं.

दुकानं पालथी घातली. एका पायाची टेबलं होती, पण बहुतेकांची फळी भुशाच्या बोर्डाची, वर लाकडाचा कागद. कडेवर हात टेकला की समोरचा पेला हलतो. एरो सारिनेनने १९५७ च्या सुमारास एका पायाचं टेबल प्रसिद्ध केलं, त्याची गंमत त्या नाजूक दिसणाऱ्या दांड्यात नव्हती, खालच्या ओतीव धातूच्या जड पायात होती. नक्कल करणाऱ्यांनी दांडा घेतला आणि वजन सोडून दिलं.

म्हणून मिस्त्री शोधला. मी मोठ्या दिमाखात चित्र काढून नेलं होतं : मधे कातलेला खांब, खाली तीन बाकदार पाय. तीनच का, तर फरशी कशीही असो, तीन पायांचं टेबल डुगडुगत नाही. मिस्त्रींनी चित्र पाहिलं आणि विचारलं, "दादा, आजी उठताना हात कुठं टेकतात?"

कडेवर. अर्थातच कडेवर!

घरी येऊन हिशेब केला. ४२ इंचांची गोल फळी, सगळ्या टेबलाचं वजन धरा ३५ किलो, पायांची टोकं मध्यापासून १७ इंचांवर. पाय तीन असतील, तर दोन पायांच्या मधल्या कडेवर साधारण २४ किलोचा भार पडला की टेबल उलटायला लागतं. चार असतील तर तेच ४७ किलोच्या आसपास. उठताना आई अर्धा देह त्या कडेवर टाकते. माझ्या सुंदर चित्राने तिला गरम आमटीसकट खाली आणलं असतं. (माझी मूळ कल्पना तर ४८ इंचांच्या फळीची होती. ती आणखी वाईट.)

बाकदार पायही गेले. "दिसायला झकास, पण इथून चिरणार," म्हणून त्यांनी वळणावर बोट ठेवलं. बाक कापला की त्या जागी लाकडाचे रेषे आडवे तुटतात. त्याऐवजी दोन सरळ तुकडे निम्मेनिम्मे खाचून अधिकच्या चिन्हासारखे एकमेकांत बसवले, वर खांब, खालून बोल्ट. चार पाय फरशीवर डुगडुगू शकतात, म्हणून टोकांना उंची जुळवायचे स्क्रू. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या, पण त्यांना फळीशी डिंक नाही. मी विचारलं, का? तर भोकं लांबट, म्हणजे पावसाळ्यात फळी रुंदीत फुगेल तेव्हा स्क्रू सरकायला जागा. एवढ्या रुंद सागवानी फळीत पाव इंचाचा फरक सहज पडू शकतो. चिकटवून टाकली असती तर एका उन्हाळ्यात तडकली असती.

लाकूड जुनं घेतलं, पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नव्या सागाचा घनफुटाचा भाव ऐकून मी गप्प झालो होतो. जुन्या लाकडाने वेगळा वैताग दिला. आत मोडलेले खिळे, रंध्याचं पातं दोनदा गेलं.

आता मुद्द्याचं. आपण सगळे म्हणतो, "हल्ली चांगले सुतारच मिळत नाहीत." मंडळी, हे खोटं आहे. चांगल्या सुताराला द्यायला आपल्याकडे कामच नसतं. मिस्त्री म्हणाले, अख्ख्या लाकडात असा सांधा आठ वर्षांनी केला. बापाकडून शिकलेला हात आठ वर्षं प्लायवर सनमायका चिकटवत होता. प्लाय वाईट नाही, माझं स्वयंपाकघर प्लायचंच आहे. पण शोरूममध्ये लावलेल्या किमतीला आपण मुकाट कार्ड पुढे करतो आणि मिस्त्रींच्या रोजात मात्र पन्नास-पन्नास रुपये कापतो. वर संध्याकाळी हस्तकला लोप पावल्याबद्दल हळहळतो!

मीही यातलाच. त्यांनी नऊ दिवस सांगितले, मी "सहा दिवसांत बसवा हो" म्हणालो. लागले अकरा. पातं गेलं तो अर्धा दिवस त्यांनी हिशेबात धरला नव्हता, तो मीच धरायला लावला. उपकार म्हणून नाही, लाजेने.

"उद्या घर बदललंत तर?" असं एका आत्याबाईंनी विचारलं. आत्या, बोल्ट काढले की फळी वेगळी, खांब वेगळा. लिफ्टमधून जातं. मोजून पाहिलंय.

आई आता मधे बसते, वॉकर बाजूला लावून. उठताना दोन्ही हात कडेवर देते. परवा तर पोळी लाटायचं पोळपाटही तिथेच आणलं होतं. फळीला आमटीचा पहिला डाग पडला आहे, तो मी पुसत नाही. (बायको पुसते.)

ज्यांना अजूनही महाग वाटतंय, त्यांनी रविवारी जेवायला यावं. एका वेळी दोघांनीच या मात्र, टेबल चौघांचंच आहे.