भारावण्याआधी विचारायचे प्रश्न

मनोविकार असलेल्या प्रौढांसाठी चालणाऱ्या निवासी संस्थांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा एकच असतो: भारावलेला. स्वच्छ फरशी, ओळीने मांडलेल्या खाटा, सकाळची प्रार्थना आणि ‘सगळे कसे शांत, समाधानी होते’ हे शेवटचे वाक्य. आमचा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. तीस प्रौढ माणसे एका छपराखाली दिवसभर शांत असतील, तर भारावण्याआधी त्या शांततेचे कारण विचारायला हवे. ती वाढवलेल्या औषधांची असू शकते, धाकाची असू शकते, किंवा दिवसभर करण्यासारखे काहीच नसल्याचीही.

आम्ही भाषा शिकवतो, तेव्हा भाषेपासूनच सुरुवात करू. पंचेचाळिशीच्या गृहस्थाला तेथे ‘ए बाळा, इकडे ये’ अशी हाक मारली जाते आणि आपण तिला माया म्हणतो. हाच गृहस्थ बँकेत गेला असता तर ‘तुम्ही’ ठरला असता. ‘सेवा’ हा शब्दही असाच सोयीचा आहे. सेवा म्हटली की हिशेब मागता येत नाही. रात्रपाळीला किती कर्मचारी, त्यांना पगार किती, प्रशिक्षण कोणते, हे विचारणे कृतघ्नपणाचे ठरते. उपकाराविरुद्ध तक्रार करता येत नाही. ती हक्कभंगाविरुद्धच करता येते.

आणि हे हक्कच आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार व पुनर्वसनासाठी निवास देणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. केवळ कुटुंब नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कोणाला संस्थेत डांबून ठेवता येत नाही, असे त्याचे कलम १९ सांगते. कलम २० खासगीपणा आणि स्वतःचे कपडे घालण्याची मुभा देते. सक्तीचे केशवपन आणि सक्तीचे काम नाकारते, केलेल्या कामाचा मोबदला मागते. आधारयुक्त निवासाची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात मनोरुग्णालयांतील माणसे भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याची महाराष्ट्रातील प्रथा थांबवा, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले.

यावर ठरलेले उत्तर येते: पैसा कुठून आणायचा? प्रश्न खोटा नाही. पण दारावर टकटक करून आत येण्यास, ‘तुम्ही’ म्हणण्यास, पत्रे न फोडण्यास पैसा लागत नाही. आणि मोठ्या इमारतीला पर्याय नाही, हेही खरे नाही. तमिळनाडूतील ‘द बनियन’ या संस्थेने २०१५पासून साध्या वस्तीत भाड्याची घरे घेऊन, चार-पाच जणांना एकत्र राहू देऊन, लागेल तेवढीच मदत पुरवण्याची वाट चोखाळली आहे.

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे असते: कुलूप नसेल तर कोणी निघून जाईल. एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या पंचवीसहून अधिक माणसांचा जीव गेला. त्यांना निघून जाता आले नाही. बांधून ठेवणे म्हणजे सुरक्षितता, हा समज तेव्हाच संपायला हवा होता.

सर्वांत अवघड प्रश्न वृद्ध आईवडिलांचा आहे: आमच्यामागे याचे काय? या भीतीपोटी ते उघडे दिसेल त्या दाराचे ऋणी होतात आणि पुढे काही विचारत नाहीत. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. म्हणूनच ते प्रश्न इतरांनी विचारले पाहिजेत. देणगीचा धनादेश लिहिण्याआधी विचारावे: किल्ली कोणाजवळ असते? अंगावरचा सदरा कोणी निवडला? मनोविकारतज्ज्ञ शेवटचे कधी आले? गेल्या वर्षी येथून बाहेर राहायला किती जण गेले? आणि ही उत्तरे व्यवस्थापकाच्या गैरहजेरीत, तेथे राहणाऱ्यांकडून घ्यावीत. तशी भेट ज्या संस्थेत नाकारली जाते, तिच्याविषयी भारावलेला लेख लिहू नये.