रोटोडाइन
हेलिकॉप्टर जागच्या जागीं वर चढतें, पण वेगांत मागें पडतें. ऑटोजायरोचें चक्र वाऱ्यानेंच फिरत असल्यानें त्यास धांव घ्यावी लागते. इंग्लंडांतील फेअरी कंपनीच्या 'रोटोडाइन'नें १९५७ सालीं या दोहोंची सांगड घातली. चढतां-उतरतांना पात्यांच्या टोकांचे जळते झोत चक्र फिरवीत. वर गेल्यावर ते विझवीत, दोन प्रॉपेलर यंत्रास पुढें ओढीत व चक्र आपोआप फिरे. १९५९ त त्यानें ताशीं ३०७ किलोमीटरचा विक्रमही केला. ४० उतारू थेट भर शहरांत उतरवावयाचे, हा बेत. पण झोतांचा तो गोंगाट शहरानें सोसावा कसा? ही तक्रार आम्ही वावगी मानीत नाहीं. मात्र आवाज कमी होत चालला असतांनाच १९६२ त योजना गुंडाळली व एकुलतें एक यंत्र मोडलें, ही घाई आम्हांस रुचली नाहीं. त्याचे थोडे अवशेष वेस्टन-सुपर-मेअरच्या संग्रहालयांत आहेत.