लाल अक्षरं दिसली म्हणून कोड खोडू नका

बेलापुरात आणि पंचक्रोशीत पायथॉन शिकायला लागलेल्या मुलामुलींना एक कळकळीची विनंती. डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब असो की कॉलेजचं प्रोजेक्ट, फाइल उघडताना पडद्यावर लाल अक्षरं आली की चांगला चाललेला कोड खोडत बसू नका. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. फाइलच्या भानगडीत दोष बहुतेक वेळा कोडबाहेरच असतो.

तिथे ‘फाइलनॉटफाउंडएरर’ असेल तर पत्ता तपासा. बेलापूर स्टेशनचं तिकीट काढलेला पाहुणा उतरतो श्रीरामपुरात, हे आपल्याला नवं नाही. प्रोग्रामलाही नुसतं ‘दूध.सीएसव्ही’ सांगितलं, तर तो स्वतःच्या शेजारी बघत नाही. ज्या फोल्डरमधून चालवला तिथे शोधतो. ‘ओएस.गेटसीडब्ल्यूडी’ छापून पाहा, तो कुठे उभा आहे ते कळेल. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं, हा आणखी एक ताप: तुमची ‘दूध.सीएसव्ही’ प्रत्यक्षात ‘दूध.सीएसव्ही.टीएक्सटी’ असू शकते. व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दिसतील असं कायमचं करून टाका.

‘परमिशनएरर’ आला तर तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे का बघा. बंद केली की बहुधा काम होतं.

खरी गोची मराठी मजकुराची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-मात्रा धरून ‘बेलापूर’ म्हणजे एकवीस बाइट. आपल्याकडच्या बऱ्याच विंडोज मशिनवर पायथॉन तेच बाइट जुन्या इंग्रजी तक्त्याने वाचतो. मग ‘बेलापूर’ निमूटपणे कचरा होऊन आत येतं, आणि ‘श्रीरामपूर’ला मात्र ‘युनिकोडडिकोडएरर’! कारण श्रीच्या जोडाक्षरातला हलन्त: त्याच्या शेवटच्या बाइटला त्या तक्त्यात जागाच नाही. ऱ्हस्व उकाराचंही तेच. म्हणून एरर आला नाही म्हणजे फाइल नीट वाचली असं समजू नका, दोन ओळी छापून पाहा. उपाय सोपा आहे: ‘ओपन’ लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा आणि वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटून येतं. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र यानेही सुधारणार नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

एका ठिकाणी तर एररसुद्धा येत नाही. फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली की त्याच क्षणी रिकामी होते, तुम्ही एक अक्षर लिहा न लिहा. आणि ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. डेअरीचं रजिस्टर असं पुसलं गेलं तर सभासदांना काय सांगणार? भर घालायची तर ‘ए’, नवीच फाइल हवी तर ‘एक्स’ वापरा. ‘एक्स’ असलेल्या फाइलला हात लावत नाही. आणि मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवाच.

एवढं करूनही अडलात तर बेलाशक विचारा. फक्त ‘सर, एरर येतोय’ एवढंच लिहून पाठवू नका. ती शेवटची ओळ आणि फाइलचा पूर्ण पत्ता, दोन्ही जसंच्या तसं पाठवा.